बँकॉक कसे पाहावे: नदीच्या काठाने तीन दिवस

मुंबईहून बँकॉकला जाणारी बरीच विमाने रात्री सुटतात, चार-साडेचार तासांत पोहोचतात, आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्यामुळे प्रवासी सुवर्णभूमी विमानतळावर उतरतो तेव्हा नुकते उजाडत असते. सहल कंपन्यांच्या ठरलेल्या कार्यक्रमात या शहराच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. त्यात एखादे मंदिर, एक रत्नांचे दुकान आणि एक मॉल उरकला जातो आणि दुपारी बस पट्टायाच्या रस्त्याला लागते. बँकॉकसारख्या शहरावर हा मोठा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. ज्याला ही राजधानी खरोखर पाहायची आहे त्याने किमान तीन पूर्ण दिवस काढावेत, त्यांतील दोन जुन्या शहराला द्यावेत, आणि शक्य तितका प्रवास चाओ फ्राया नदीतून करावा.

नदीचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. त्यानंतर राजा ताकसिनने नदीच्या खालच्या अंगाला, पश्चिम काठावर, थोनबुरी येथे राज्याची घडी पुन्हा बसवली. १७८२ मध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा, म्हणजे पहिला राम, याने राजधानी समोरच्या पूर्व काठावर हलवली. एका बाजूला नदीचे वळण आणि दुसऱ्या बाजूला खोदलेले कालवे असे जे बेट तयार झाले तेच जुने शहर, रत्तनकोसिन. महत्त्वाच्या बहुतेक वास्तू या बेटावर किंवा अगदी समोरच्या काठावर आहेत. त्या बांधल्या गेल्या तेव्हा माणसे होडीतूनच येत-जात असत, त्यामुळे रस्त्याने टॅक्सीत बसून गेलेल्याला वाहनांची गर्दी आधी भेटते आणि मंदिर नंतर, तर पाण्यातून जाणाऱ्याला शिखरे दुरूनच दिसू लागतात.

शहराचे थाई नाव क्रुंग थेप, म्हणजे देवांची नगरी. त्याचे संपूर्ण औपचारिक नाव जगातील सर्वांत लांब स्थलनाम मानले जाते. त्यात महानगर, अमर, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी असे शब्द थाई उच्चारांच्या आडून ऐकू येतात आणि शेवटी ही नगरी इंद्राने दिली व विश्वकर्म्याने घडवली असे म्हटलेले आहे. थाई भाषा येत नसली तरी मराठी माणसाने पाट्यांवरची नावे एकदा मोठ्याने वाचून पाहावीत. ‘विहान’ हा विहार आहे, ‘चेदी’ हे चैत्य आहे, ‘उबोसोत’ हे उपोसथ आहे आणि ‘फ्रा फ्रोम’ हा ब्रह्मदेव आहे. हे एकदा लक्षात आले की मंदिरांच्या आवारात परकेपणा उरत नाही.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सुखाचा काळ. एप्रिलमध्ये उन्हाचा कहर असतो, तरी १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे त्यांची संक्रांत, असते आणि त्या दिवसांत सारे शहर एकमेकांवर पाणी उडवते. तो सण पाहायचाच असेल तर जरूर जावे, पण त्या दिवसांत मंदिरे निवांत पाहण्याचा बेत आखू नये. नोव्हेंबरच्या पौर्णिमेच्या सुमारास लॉय क्रथोंग येतो. आपण त्रिपुरी पौर्णिमेला नदीत दिवे सोडतो तसेच तिथे केळीच्या खोडाचे आणि पानांचे द्रोण फुले व मेणबत्ती लावून पाण्यात सोडतात.

थायलंडमध्ये प्रवेश करण्यासाठी १ मे २०२५ पासून आगमनाचे डिजिटल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क भरावे लागते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नसतात. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढताना दूतावासाची ताजी सूचना पाहावी. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले तर दर वेळी दोनशेहून अधिक बाट शुल्क लागते, तेव्हा थोडे थोडे काढत बसू नये.

कपड्यांबाबत कोणतीही सवलत गृहीत धरू नये. राजवाड्यात आणि मोठ्या मंदिरांत खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात, आणि हा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही आहे. सुती सलवार-कुडता किंवा सैल पायजमा आणि बाह्यांचा सदरा हा तिथल्या दमट हवेत सर्वांत सोयीचा पोशाख. पादत्राणे काढणे-घालणे दिवसात दहा वेळा करावे लागते, म्हणून बुटांऐवजी चपला बऱ्या.

मुक्काम कुठे करावा याचे उत्तर नदीनेच दिलेले आहे. सफान ताकसिन हे उन्नत रेल्वेचे, म्हणजे बीटीएसचे, स्थानक सातोर्न धक्क्याला लागून आहे, तर सनाम चाय आणि साम योत ही भुयारी मेट्रोच्या निळ्या मार्गावरील स्थानके थेट जुन्या शहरात उघडतात. या तिन्हींपैकी एकाच्या चालत्या अंतरावर खोली घेतली तर निम्मा प्रवास वाचतो. विमानतळावरून येताना एअरपोर्ट रेल लिंकने फाया थाईपर्यंत यावे आणि तिथून बीटीएस पकडावी.

होडीचे तंत्र

सातोर्न धक्क्यावर निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटींची तिकिटे विकणारे आधी गाठतात. त्या वाईट नाहीत, पण नारिंगी झेंड्याची बोट त्याच पाण्यातून जाते, दिवसभर चालते आणि कुठेही उतरा, सरसकट १६ बाट घेते. बोट धक्क्याला क्षणभरच टेकते. मागच्या टोकाला उभा असलेला माणूस शिट्टीच्या खुणांनी चालकाला मागेपुढे घ्यायला सांगतो, दोर खुंटाला पडतो न पडतो तोच उतरणारे उतरतात आणि चढणारे चढतात. वृद्ध माणसे बरोबर असतील तर त्यांना आधीच दाराशी आणून उभे करावे. तिकीट आत मिळते. कंडक्टरबाईंच्या हातात पत्र्याची लांब नळी असते. तिच्या एका कप्प्यात नाणी आणि दुसऱ्यात तिकिटांचे वेटोळे असते, आणि ती नळी खुळखुळत त्या गर्दीतून पुढे सरकतात. जुन्या एसटीतल्या कंडक्टरच्या चिमट्याची टिकटिक ज्यांच्या कानात आहे त्यांना तो आवाज फार ओळखीचा वाटेल. राजवाड्यासाठी ता चांग आणि वाट फोसाठी ता तियेन धक्क्यावर उतरावे. ‘ता’ म्हणजे धक्का आणि ‘वाट’ म्हणजे मंदिर.

पहिला दिवस: राजवाडा आणि वाट फो

भव्य राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनला तिकिटे बंद होतात. परदेशी पाहुण्यांना तिकीट ५०० बाट आहे. उघडण्याच्या वेळेलाच दारात असावे, कारण दहाच्या पुढे पर्यटकांचे जथे येऊ लागतात आणि उघड्या फरशीवर ऊन सोसवत नाही.

येथे एक इशारा द्यायला हवा. माझ्या पहिल्या खेपेला राजवाड्याच्या भिंतीलगत एका नीटनेटक्या पोशाखातल्या गृहस्थाने अत्यंत अदबीने सांगितले की आज एका विधीसाठी राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर हा टुकटुकवाला तुम्हांला वीस बाटमध्ये तीन मंदिरे दाखवील. आम्ही बसलो, आणि तासाभराने एका रत्नांच्या दुकानात होतो. राजवाडा त्या दिवशी उघडाच होता. ही युक्ती जुनी आहे आणि अजूनही चालते. उघडे की बंद हे फक्त तिकीट खिडकीवर पाहावे, वाटेत कुणी काहीही सांगो.

आवारातील वाट फ्रा केओ हे पाचूच्या बुद्धाचे मंदिर. मूर्ती पाचूची म्हटली जात असली तरी ती हिरव्या जेडसारख्या एका दगडातून कोरलेली आणि फक्त ६६ सेंटिमीटर उंचीची आहे. उंच सिंहासनावर असल्याने ती आणखीच लहान दिसते, आणि तरीही साऱ्या देशाचे ते आराध्य आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंचे तीन पोशाख तिला आहेत आणि ते बदलण्याचा मान राजाचा असतो. आत छायाचित्र काढता येत नाही. बसताना पाय मूर्तीच्या दिशेला पसरू नयेत, मागे दुमडून घ्यावेत.

बहुतेक लोक इथून बाहेर पडून निघून जातात आणि मंदिराला वेढणाऱ्या ओवरीकडे त्यांचे लक्ष जात नाही. या ओवरीच्या भिंतींवर १७८ चित्रांत संपूर्ण रामाकियेन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेले आहे. उत्तरेच्या दारापासून, जिथे जनकाला सीता सापडते त्या चित्रापासून, सुरुवात करून प्रदक्षिणेच्या दिशेने चालत जावे. राम हिरवा आहे, लक्ष्मण सोनेरी आहे आणि हनुमान शुभ्र पांढरा आहे. अहिरावण-महिरावणाची कथा आपल्याकडे आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली असते. तीच कथा इथे मैयराप नावाच्या राक्षसाची होते आणि एका चित्रात रामाला सुरक्षित ठेवण्यासाठी हनुमानाने आपला देह डोंगराएवढा वाढवून रामाचा अख्खा मंडप तोंडात धरलेला दिसतो. जरा जवळ जाऊन पाहिले की त्या उघड्या जबड्याच्या आत सोनेरी वर्खात रेखलेला मंडप दिसतो. पाताळाच्या वाटेवर हनुमानाला अडवणारा त्याचाच मुलगा आपल्याकडे मकरध्वज आहे, तिथे त्याचे नाव मच्छानु आणि तो एका मत्स्यकन्येचा. या हनुमानाचे ब्रह्मचर्य थाई कवींना मान्य नव्हते हे पाहून दचकू नये, कथा प्रवास करते तेव्हा असे होतच असते. ओवरीला किमान एक तास द्यावा. मुले बरोबर असतील तर त्यांना चित्रातला रावण, म्हणजे ‘तोसकन्’, दशकंठ, शोधायला सांगावे. त्याचाच मोठा पुतळा आवारातल्या बारा यक्षांमध्येही उभा आहे.

राजवाड्याच्या बहुतेक इमारती बाहेरूनच पाहायच्या असतात. चक्री महाप्रासाद ही १८८२ ची वास्तू खाली युरोपीय आणि वर थाई शिखरांची आहे, तेवढे पाहून पुढे निघाले तरी चालते. आवारातील वस्त्रांचे संग्रहालय मात्र पैठणी-पीतांबराच्या घरातून आलेल्यांनी चुकवू नये. त्याचे प्रवेशशुल्क राजवाड्याच्या तिकिटातच असते.

तिथून दक्षिणेला चालत दहा-पंधरा मिनिटांवर वाट फो आहे. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे, आणि दालन त्याच्या मानाने इतके अरुंद आहे की तो कधीच एका नजरेत मावत नाही. खांबांच्या मधून कधी खांदा, कधी ओठ, कधी कोपर असा तो तुकड्यातुकड्याने दिसतो. पायांच्या तळव्यांवर शिंपल्याच्या चकचकीत तुकड्यांनी १०८ शुभचिन्हे जडवली आहेत. पाठीमागच्या बाजूला १०८ कांस्यपात्रांची रांग आहे, थोडे पैसे देऊन सुटी नाणी घ्यावीत आणि एकेक नाणे एकेका पात्रात टाकत चालावे. सगळे दालन त्या किणकिणाटाने भरलेले असते.

वाट फो ही थाई मालिशविद्येची प्रमुख शाळा आहे. तिसऱ्या राम राजाच्या काळात औषधे, आसने, काव्य यांचे ज्ञान तिथे शिळांवर कोरून सर्वांसाठी खुले ठेवले गेले, आणि त्या शिलालेखांची युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत दखल घेतलेली आहे. दुपारी एकच्या सुमारास पाय थकलेले असतात, तेव्हा आवारातच अर्धा तास मालिश करून घेणे हा चैनीचा नव्हे तर शहाणपणाचा भाग आहे.

दुसरा दिवस: अरुणाचे मंदिर आणि सोन्याची टेकडी

ता तियेनहून पलीकडे जाणारी होडी ५ बाटची आहे. समोरचे वाट अरुण हे नावाप्रमाणे सूर्याच्या सारथ्याचे, पहाटेचे मंदिर. ते पश्चिम काठावर असल्यामुळे सकाळी त्याच्या दर्शनी बाजूवर थेट ऊन पडते, म्हणून जवळून पाहायचे तर सकाळी जावे आणि सूर्यास्ताला त्याची काळी आकृती पाहायची तर पूर्वेच्या काठावर थांबावे. दुरून दगडी वाटणारे हे शिखर जवळ गेल्यावर चिनी मातीच्या तुकड्यांचे निघते. चीनहून येणाऱ्या जहाजांत तोल राखण्यासाठी जी भांडी भरली जात, त्यांच्या बश्यांचे आणि वाट्यांचे तुकडे चुन्यात रुतवून पाकळ्या, फुले आणि वेली केलेल्या आहेत. एका फुलाच्या मध्यभागी अख्खी छोटी बशी दिसते आणि तिच्या कडेची निळी रेघसुद्धा शाबूत असते. पायऱ्या फार उभ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालूनच प्रदक्षिणा करावी, पाहण्यासारखे बरेचसे तिथेच आहे.

दुपारचे ऊन टाळून तीनच्या सुमारास साम योत स्थानकावरून साओ चिंग चा, म्हणजे महाझोपाळ्याकडे चालत जावे. ही उंच लाल सागवानी चौकट आता रिकामी उभी असते. पूर्वी शंकराच्या सन्मानार्थ होणाऱ्या उत्सवात माणसे तिच्यावर झोके घेत टांगलेली पैशांची थैली दातांनी पकडत, १९३५ मध्ये ती प्रथा थांबली. जवळच १७८४ मध्ये बांधलेले देवसथान आहे. शिव, गणेश आणि विष्णू यांची तीन साधी पांढरी देवालये, आणि शेंडीची गाठ बांधलेले, पांढरी वस्त्रे नेसलेले राजपुरोहित ब्राह्मण. मे महिन्यात सनाम लुआंगच्या मैदानावर राजाच्या नांगरणीचा जो विधी होतो त्यात हेच पुरोहित असतात. नांगराच्या बैलांपुढे धान्य, गवत, पाणी, मद्य असे सात पदार्थ ठेवतात आणि बैल कशाला तोंड लावतात यावरून हंगामाचे भाकीत करतात. गणपती या शहरात फ्रा फिकनेत या नावाने सर्वत्र भेटतो. थायलंडच्या ललितकला विभागाच्या मुद्रेवर तोच आहे.

झोपाळ्यासमोरच्या वाट सुथातमध्ये सुखोथाईहून नदीतून आणलेला प्रचंड कांस्यबुद्ध आहे. गर्दी नसते, म्हणून तिथे नुसते बसावे. पुढे लोह प्रासाद लागतो. बोधीकडे नेणाऱ्या ३७ गुणांसाठी धातूची ३७ शिखरे त्याच्यावर आहेत.

संध्याकाळसाठी वाट साकेतची सोन्याची टेकडी राखून ठेवावी. बँकॉकची जमीन गाळाची आणि मऊ असल्याने तिसऱ्या रामाने आरंभलेला हा डोंगराएवढा स्तूप ढासळला आणि पाचव्या रामाच्या काळात पूर्ण झाला. तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, पण त्या वळणावळणाने आणि झाडीतून जात असल्याने दम लागत नाही. वर ठेवलेल्या पवित्र अस्थींचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे १८९८ मध्ये सापडलेल्या बुद्धाच्या अस्थींपैकी काही भाग तत्कालीन सरकारने सयामच्या राजाला दिला, आणि तो १८९९ मध्ये येथे स्थापन झाला. नोव्हेंबरच्या जत्रेत शिखराला लांबच लांब लाल वस्त्र गुंडाळतात. खाली उतरल्यावर फान फा धक्क्यावरून सेन सेप कालव्याची बोट घेतली तर ती घरांच्या परसांमधून जात मॉलच्या भागात सोडते. पाणी काळे आहे आणि ते उडते, त्यामुळे मधल्या बाकावर बसावे.

तिसरा दिवस

हा दिवस आवडीप्रमाणे. इतिहासाची गोडी असणाऱ्याने राष्ट्रीय संग्रहालयात जावे. ते सोमवारी व मंगळवारी बंद असते, आणि बुधवारी व गुरुवारी सकाळी साडेनऊला स्वयंसेवक इंग्रजीतून फार चांगली माहिती देतात. शनिवार-रविवार असेल तर चतुचाकचा आठवडी बाजार, अकराच्या आत. लाकडी घरांची आवड असेल तर सेन सेप कालव्यावरील, जिम थॉम्पसन या अमेरिकी रेशीम व्यापाऱ्याचे घर, जे सहा जुन्या सागवानी घरांतून जोडले आहे. चित लोम स्थानकाखालचे एरावण देवस्थान वाटेत पाहावे. हॉटेलच्या कोपऱ्यावर १९५६ मध्ये बसवलेल्या या चतुर्मुख ब्रह्मदेवापुढे दिवसभर झेंडूच्या माळांचा ढीग साचतो. आपल्याकडे ब्रह्मदेवाला देवळे विरळाच, आणि इथे भररस्त्यात त्याच्यापुढे नवस फेडण्यासाठी नर्तिका नाचतात. तरंगता बाजार म्हणून जिथे नेतात ते दाम्नोएन सदुआक शंभर किलोमीटर दूर आहे. तीन दिवसांत त्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

संध्याकाळ चायनाटाउनची. आधी वाट त्रैमितमधील सुवर्णबुद्ध पाहावा. साडेपाच टनांची ही मूर्ती शतकानुशतके चुन्याच्या लेपाखाली होती. १९५५ मध्ये हलवताना लेप तडकला आणि आतले सोने दिसले. मग यावोरात रस्त्यावर खायला बसावे.

शाकाहारींनी दोन शब्द पाठ करावेत. ‘मांगसविरत’ म्हणजे आपला मांस-विरती, साधा शाकाहार. ‘जे’ म्हणजे त्याहून कडक: मांस, मासे, अंडी, दूध नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही, त्यामुळे जैन कुटुंबांना तो फार उपयोगी पडतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेले असते. नुसत्या भाज्या मागवल्या तरी त्यात माशांचा सॉस पडतोच, म्हणून ‘माय साय नाम प्ला’ असे स्पष्ट सांगावे. घरच्या जेवणाची आठवण झाली तर फाहुरतचा भारतीय बाजार जवळ आहे आणि तिथल्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो.

वागण्याचे काही नियम सर्वत्र लागू आहेत. भिक्षूंना स्त्रियांनी स्पर्श करू नये. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते तेव्हा थांबून उभे राहावे. राजघराण्याविषयी अवमानकारक बोलणे हा तिथे गंभीर गुन्हा आहे, आणि ई-सिगारेट जवळ बाळगण्यावरही बंदी आहे. टॅक्सीत मीटर लावायला सांगावे. सुरुवात ३५ बाटपासून होते, आणि चालक नकार देत असेल तर दुसरी टॅक्सी पाहावी.

परतीच्या दिवशी विमानतळावर थोडे लवकर पोहोचावे. पारपत्राची तपासणी ओलांडल्यावर समोरच समुद्रमंथनाचे भलेमोठे रंगीत शिल्प आहे. कूर्माच्या पाठीवर मंदार, त्यावर विष्णू, आणि दोन्हीकडून वासुकीला ओढणारे देव व दैत्य. लोक त्याच्यापुढून बॅगा ओढत भराभर निघून जातात. आपण मात्र त्याच्याभोवती एक फेरी मारावी आणि वासुकीच्या तोंडाकडे कोण आहे, शेपटीकडे कोण, हे मुलांना ओळखायला सांगावे.